परक्याला वाटणारी भीती, परक्याची वाटणारी भीती



मागच्या व्याख्यानात आपण भयानक रसाबद्दल बोललो. ते संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं, "हे सगळं संस्कृत नाटकापुरतंच खरं आहे का? पडद्यावरच्या भीतीला याचा काही उपयोग?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आज जरा आडवाटेने देणार आहोत. १९७० च्या दशकात ब्रिटिश टेलिव्हिजनवर 'थ्रिलर' नावाची मालिका लागत असे. तिच्यात परदेशी, मुख्यतः अमेरिकन, नटनट्या आणून बसवलेल्या असत. ही पात्रनिवड कशासाठी होती, तिने भीतीचं काय केलं, आणि त्यात कोण बाहेर राहिलं, हा आजचा विषय.

विषय हलका वाटेल. पण व्यापारी सोयीसाठी केलेल्या गोष्टींतच एखाद्या समाजाची मनोवृत्ती उघडी पडते, कारण तिथे कोणी सावध नसतं. पुस्तक लिहिताना माणूस विचार करतो. नट निवडताना तो बाजाराचा हिशेब करतो, आणि हिशेबात मन लपत नाही.

आधी माहिती घेऊ. 'थ्रिलर'चा पहिला भाग १४ एप्रिल १९७३ रोजी लागला, आणि १९७६ पर्यंत सहा हंगामांत मिळून ४३ भाग झाले. प्रत्येक भाग तासाभराहून थोडा मोठा, आणि प्रत्येकाची कथा स्वतंत्र. म्हणजे आज पाहिलेली माणसं पुढच्या आठवड्यात नाहीत. कर्ताधर्ता होता ब्रायन क्लेमेन्स, 'द अॅव्हेंजर्स'मुळे नावाजलेला लेखक. जवळजवळ सगळ्या कथा त्याच्या डोक्यातून निघालेल्या. निर्मिती एटीव्ही या कंपनीची, आणि तिचे सर्वेसर्वा होते ल्यू ग्रेड.

ग्रेड यांच्यापाशी क्षणभर थांबू. हे गृहस्थ १९०६ साली आजच्या युक्रेनमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मले. मूळ आडनाव विनोग्राद्स्की. लहानपणीच आईवडिलांबरोबर लंडनला आले. म्हणजे ब्रिटिश करमणुकीचा हा बादशहा स्वतःच बाहेरून आलेला! त्यांचं सगळं लक्ष अमेरिकन बाजाराकडे. इंग्लंडात तयार केलेला माल अमेरिकेला विकायचा, तर दुकानाच्या दर्शनी भागात गिऱ्हाइकाच्या ओळखीचा चेहरा हवा. 'द बॅरन'मध्ये स्टीव्ह फॉरेस्ट, 'मॅन इन अ सूटकेस'मध्ये रिचर्ड ब्रॅडफर्ड, 'द चॅम्पियन्स'मध्ये स्टुअर्ट डेमन, 'द पर्स्युएडर्स'मध्ये रॉजर मूरच्या जोडीला टोनी कर्टिस, हे सगळे त्याच हिशेबातले. 'थ्रिलर' अमेरिकेत एबीसी वाहिनीवर रात्री उशिराच्या वेळेत लागे, तीही बऱ्याचदा नावं बदलून. 'लेडी किलर'चं झालं 'द डेथ पॉलिसी', आणि 'अ कॉफिन फॉर द ब्राइड'चं 'किस किस, किल किल'. पुढे तिथल्या फेरविक्रीसाठी काही भागांना नव्या सुरुवाती जोडल्या गेल्या. मूळ नट आता कुठून आणणार? मग चेहरा न दाखवता भलत्याच माणसांचे पाय, हात, पाठी दाखवून काम भागवलं.

या मालिकेवरचा नेहमीचा आक्षेप असा की, अमेरिकन नट घुसवल्यामुळे या कथा धड इंग्लंडच्या राहिल्या नाहीत, धड अमेरिकेच्याही झाल्या नाहीत. आक्षेप निम्मा खरा आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल आम्हाला वेगळं म्हणायचं आहे.

हिचकॉकने त्रुफोला दिलेल्या मुलाखतीतला टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला तुम्हाला आठवत असेल. बॉम्ब अचानक फुटला, तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक आहे आणि टेबलाशी गप्पा मारणाऱ्यांना ठाऊक नाही, असं असेल, तर तो पंधरा मिनिटं खुर्चीच्या टोकावर बसतो. म्हणजे उत्कंठा हा ज्ञानातल्या फरकाचा खेळ आहे. आम्ही उभा जन्म ज्ञानमीमांसा शिकवण्यात घालवला, म्हणून आम्हाला हा दाखला फार आवडतो.

आता बघा, ज्ञानातला हा फरक सगळ्यांत सहज कुठे मिळतो? परक्या माणसात. गावातल्या माणसाला माहीत असतं की अमक्या घरातली बाई जरा चक्रम आहे, तमक्या विहिरीपाशी संध्याकाळी जायचं नाही. पाहुण्याला ते कोणी सांगत नाही. तो मुद्दाम अडाणी दाखवावा लागत नाही, तो असतोच. अमेरिकन नटी घ्यायची सक्ती बाजाराने केली, आणि क्लेमेन्सने त्या सक्तीतून कथेचं यंत्रच तयार केलं. लादलेली अट कामाला लावणं हा कारागिराचा गुण आहे, आणि तो गुण त्याच्याकडे भरपूर होता.

हे यंत्र तीन तऱ्हांनी चालतं. पहिली तऱ्हा एकटेपणाची. पहिल्याच भागात, 'लेडी किलर'मध्ये, बार्बरा फेल्डन ही अमेरिकेहून सुट्टीवर आलेली एकटी बाई आहे. रॉबर्ट पॉवेल तिच्याशी गोड बोलतो, झटपट लग्न करतो, आणि त्याच्या मनात तिचा काटा काढायचा बेत असतो. ती इंग्लिश असती तर काय झालं असतं? एखाद्या मावशीने चौकशी केली असती, 'मुलाची माणसं कोण, राहतात कुठे?' आपल्याकडे स्थळाची चौकशी म्हणतात ना, ती झाली असती. परदेशात चौकशी करणारं कोणी नाही. तिच्या बाजूचं माणूस समुद्रापलीकडे. नवऱ्याशिवाय तिला तिथे दुसरी ओळखच नाही, आणि धोका नेमका नवऱ्यातच आहे.

दुसरी तऱ्हा शिष्टाचार न वाचता येण्याची. 'समवन अॅट द टॉप ऑफ द स्टेअर्स' या १९७३ च्याच भागात डोना मिल्स आणि जुडी कार्न या दोन विद्यार्थिनी लंडनमधल्या एका जुन्या, मोठ्या घरात खोली घेतात. भाडं संशय यावा इतकं कमी. घरातले बाकीचे भाडेकरू विलक्षण गोड. पण कोणी बाहेर पडत नाही, कोणाला पत्र येत नाही. आता हे इंग्लिश मितभाषीपण, की आणखी काही? दुसऱ्याच्या भानगडीत पडू नये हा त्या देशाचा सद्गुण. सद्गुण कुठे संपतो आणि लपवाछपवी कुठे सुरू होते, हे परक्याला कळत नाही. गंमत अशी की यातली जुडी कार्न स्वतः इंग्लिश, नॉर्दम्प्टनची. पण तिला प्रसिद्धी मिळाली अमेरिकेत, 'लाफ-इन'मध्ये, म्हणून ती अमेरिकन बाजारासाठीही ओळखीची होती.

तिसरी तऱ्हा आपलं म्हणणं कोणी खरं न मानण्याची. 'स्क्रीमर'मध्ये इंग्लंडात मैत्रिणीकडे आलेल्या एका अमेरिकन तरुणीवर हल्ला होतो, आणि मग तिला हल्लेखोराचा चेहरा जिथे तिथे दिसू लागतो. तिच्या सांगण्यावर विश्वास किती ठेवायचा, हा सगळ्या भागाचा ताण. ही भूमिका केली पामेला फ्रँकलिनने, जी जन्मली योकोहामात, पण ब्रिटिश आईवडिलांच्या पोटी. याचा अर्थ काय? अमेरिकन असणं ही त्या मालिकेत पासपोर्टवरची नोंद नव्हती, ती एक भूमिका होती. आपल्या नाटकात जसा विदूषक, तसा यांच्याकडे 'परका'. त्या जागी कोणीतरी हवं, मग नट कुठला का असेना.

'अॅन एको ऑफ थेरेसा'मध्ये तर पॉल बर्कने केलेला अमेरिकन व्यापारी पत्नीबरोबर लंडनला येतो, आणि जिथे कधी गेला नाही अशी ठिकाणं त्याला आठवू लागतात. बायकोला तो भलत्याच नावाने हाक मारतो. इथे परका देश बाहेर नाही, त्या माणसाच्या डोक्यात आहे. पात्रनिवडीची अट इतक्या आतपर्यंत पोचवणं सोपं नव्हे.

आता दुसरी बाजू. हे यंत्र कुठे कुरकुरतं तेही पाहिलं पाहिजे. नाही तर ती समीक्षा नव्हे, आरती झाली.

पहिला दोष हिशेबाचाच आहे. पैसे खर्चून समुद्रापलीकडून आणलेली नटी पहिल्या दहा मिनिटांत मरणार नाही, हे प्रेक्षकाला दोनतीन आठवड्यांत कळतं. 'थ्रिलर'च्या कित्येक भागांची सुरुवात खुनाने होते, आणि त्यात बळी पडणारी मुलगी बहुधा फारशी माहीत नसलेली, इंग्लिश. म्हणजे मरायला स्थानिक आणि घाबरायला आयात! स्वतंत्र कथांच्या मालिकेचा मोठा फायदा असा की तिच्यात कोणीही मरू शकतं, कारण पुढच्या आठवड्यात कोणाचीच गरज नसते. तो फायदा पात्रनिवडीने थोडा घालवला.

दुसरा दोष म्हणजे नट आहे पण कारण नाही. हा आजार 'थ्रिलर'पेक्षा तिच्या आधीच्या 'जर्नी टू द अननोन'ला जास्त होता. १९६८ साली हॅमर कंपनीने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सबरोबर ही १७ भागांची मालिका केली. जोसेफ कॉटन, व्हेरा माइल्स, जुली हॅरिस, पॅटी ड्यूक, रॉडी मॅकडॉवल अशी नावं. भागामागून भाग पाहिले की वाटतं, या इंग्लंडात इंग्लिश माणूस नायक व्हायला बंदी आहे की काय! त्यातही 'द न्यू पीपल' चांगला आहे. रॉबर्ट रीड आणि जेनिफर हिलरी हे जोडपं नव्या गावात राहायला येतं, आणि शेजाऱ्यांचा जिव्हाळा हळूहळू भयंकर होत जातो. मूळ कथा अमेरिकन लेखक चार्ल्स ब्यूमाँट यांची. ती इंग्लंडात आणल्यावर शेजाऱ्यांच्या जिव्हाळ्याला एक जादा पदर मिळाला. इथे नवरा अमेरिकन असण्याला काम आहे. पण बाकी बऱ्याच भागांत अमेरिकन माणूस दाराशी ठेवलेल्या पाटीसारखा उभा असतो.

हॅमरचीच पुढची गंमत पाहा. १९८० सालची 'हॅमर हाउस ऑफ हॉरर' त्यांनी जवळजवळ ब्रिटिश नटांवर केली. पीटर कुशिंग आणि ब्रायन कॉक्सचा 'द सायलेंट स्क्रीम' आजही अंगावर येतो. १९८४ मध्ये फॉक्सबरोबर 'हॅमर हाउस ऑफ मिस्टरी अँड सस्पेन्स' केली, तेव्हा डेव्हिड कॅराडीन, डर्क बेनेडिक्ट, कॅरल लिन्ली अशी मंडळी परत आली. कंपनी तीच, दोन्ही मालिकांत भागही तेरा-तेराच. मधल्या चार वर्षांत इंग्लंड बदललं नव्हतं, भागीदार बदलला होता. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहा. आमच्या मते पहिली सरस आहे, कारण तिच्यातली माणसं आपापल्या घरात घाबरतात.

आणि 'थ्रिलर'मधला, आमच्या मते, सर्वांत चांगला भाग कोणता? 'अ कॉफिन फॉर द ब्राइड'. मायकेल जेस्टन हा श्रीमंत, प्रौढ बायकांशी लग्न करून त्यांना न्हाणीघरात बुडवणारा माणूस, आणि समोर तरुण हेलन मिरेन. यात अमेरिकन नायिका नाही. म्हणजे परका नट ही उत्कंठेची अट नव्हती, सोय होती. सोय चांगली वापरली म्हणून ती गरज ठरत नाही, हे तर्कशास्त्र आपण विसरू नये.

पण एक भाग असा आहे की जो या सगळ्या चर्चेला कलाटणी देतो. 'आय अॅम द गर्ल ही वॉन्ट्स टू किल', १९७४. जुली सोमर्स ही लंडनमध्ये नोकरी करणारी अमेरिकन तरुणी. ती एका खुन्याला पाहते, ओळखते. पुरावा अपुरा पडतो आणि तो सुटतो. मग एका रात्री कचेऱ्यांच्या उंच इमारतीत ती आणि तो, दोघंच अडकतात. भागाचा उत्तरार्ध जवळजवळ संवादांशिवाय आहे. जिने, उद्वाहन, दारं, अंधार, श्वास. रॉबर्ट लँगचा खुनी बोलतच नाही.

इथे काय होतं? भाषा गेली की उच्चार जातो. उच्चार गेला की ती अमेरिकन राहत नाही. ती फक्त पळणारी बाई राहते. आणि मित्रहो, इथे आम्हाला अभिनवगुप्त आठवतो. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातलं ते हरीण. दुष्यंताचा रथ मागे, बाणाच्या भीतीने पळणारं, मान वळवून वळवून पाहणारं. अभिनवगुप्त म्हणतो की प्रेक्षकाला होणाऱ्या प्रतीतीत ते हरीण विशिष्ट राहत नाही, घाबरवणाराही खरा राहत नाही. उरते फक्त भीती, देशकालाच्या वेढ्यातून सुटलेली. याला आपण साधारणीकरण म्हणतो. लंडनच्या कचेरीतल्या जिन्यावर जुली सोमर्सचं हरीण होतं. जिला अमेरिकन म्हणून विकत आणलं, तिचं अमेरिकनपण गळून पडल्यावर ती सर्वांत परिणामकारक ठरते. ल्यू ग्रेड यांच्या हिशेबात हे कुठेच बसलं नसतं.

आता इथेच थांबलो असतो, तर व्याख्यान गोड झालं असतं. पण एक प्रश्न राहतो. साधारणीकरण झाल्यावर हरणाची भीती सर्वांची होते, हे मान्य. पण साधारणीकरणासाठी हरीण निवडतो कोण?

अॅरिस्टॉटल 'पोएटिक्स'मध्ये म्हणतो की भीती वाटते ती आपल्यासारख्या माणसासाठी. 'आपल्यासारखा' या शब्दात सगळी मेख आहे. ब्रिटिश प्रेक्षकाला अमेरिकन बाई परकी होती, पण आपल्यासारखी परकी होती. भाषा तीच, वर्ण तोच, फक्त उच्चार वेगळा. परकेपणाचा मसाला हवा, पण जिभेला पोळता कामा नये. १९७३ ते १९७६ चं इंग्लंड आठवा. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेले आशियाई लोक हजारोंनी नुकतेच येऊन पोचले होते. कॅरिबियन बेटांतून आलेल्यांची दुसरी पिढी शाळेत होती. १९७६ मध्ये वंशभेदाविरुद्धचा नवा कायदा करावा लागला. म्हणजे अनोळखी शहरात, अनोळखी जिन्यावर, दाराबाहेरच्या पावलांना घाबरणारी माणसं त्या देशात भरपूर होती. पण 'थ्रिलर'च्या ४३ भागांत मध्यवर्ती भीती एखाद्या भारतीय, पाकिस्तानी किंवा कॅरिबियन पात्राच्या वाट्याला आलेली आम्हाला आठवत नाही.

बाकीच्या परक्यांना काय काम मिळे? संशयाचं. जन्माने जर्मन असलेला अँटन डिफ्रिंग पाहा. आयुष्यभर नाझी अधिकाऱ्यांच्या भूमिका करून थकलेला गुणी नट. 'किस मी अँड डाय'मध्ये हरवलेल्या भावाला शोधत इंग्लंडच्या खेड्यात येतो तो अमेरिकन जॉर्ज चकिरिस, आणि ज्याच्या घराकडे संशयाची सुई वळते तो डिफ्रिंग. दोघेही परके. पण एकाचं परकेपण आपल्याला काळजी करायला लावतं, दुसऱ्याचं सावध व्हायला. 'टेल्स ऑफ द अनएक्स्पेक्टेड' ही रोआल्ड डाल यांच्या कथांवरून सुरू झालेली मालिका २४ मार्च १९७९ ला सुरू झाली, तीच 'मॅन फ्रॉम द साउथ'ने. पैजेत मोटार लावून समोरच्याचं बोट मागणारा तो म्हातारा, आणि त्या भूमिकेत पोर्तो रिकोत जन्मलेला होसे फेरर. अप्रतिम काम. पण तिथेही परका म्हणजे हातात सुरा असलेला.

आणि याच मालिकेत १९८० साली 'पॉयझन' आली. ही डाल यांची भारतात घडणारी कथा. अंथरुणात पडलेल्या एका इंग्रजाला वाटतं की चादरीखाली, आपल्या पोटावर, मण्यार येऊन झोपली आहे. भारतीय डॉक्टरला बोलावलं जातं. तो येतो, हलक्या पावलांनी वावरतो, प्रतिविषाचं इंजेक्शन देतो, चादरीखाली क्लोरोफॉर्म सोडतो. शेवटी चादर उचलतात तर साप नाही. डॉक्टर सौम्यपणे विचारतो की तुम्ही नक्की पाहिला होता ना? त्यावर तो इंग्रज उसळून त्याला वंशावरून घाणेरड्या शिव्या देतो. विष कुठे होतं ते आपल्याला तेव्हा कळतं. दूरचित्रवाणीवर या डॉक्टरची भूमिका सईद जाफरींनी केली.

डाल यांची कथा पुन्हा वाचा. उत्कंठा कोणाची आहे? अंथरुणातल्या माणसाची. जिवावरचं संकट त्याचं. पण त्या खोलीत खरा धोका पत्करून कोण उभा आहे? डॉक्टर. चादरीखाली हात घालणारा तो. साप असता तर चावला असता त्याला, आणि साप नव्हता तर शिव्या त्याला. कथेला हे माहीत आहे, म्हणून ती मोठी आहे. थरारकथेचा सगळा साज चढवून ती शेवटी विचारते की तुम्ही इतका वेळ चुकीच्या माणसासाठी श्वास रोखून बसला होता का? सईद जाफरींसारखा नट तिथे असणं ही केवळ सोयीची पात्रनिवड राहत नाही. परका पहिल्यांदाच प्रेक्षकाच्या भीतीचा हिशेब मागतो.

आता एक खाजगी गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय आमचा हा आग्रह कोरडा वाटेल.

१९७६ च्या वसंतात आम्ही संशोधनासाठी उत्तर इंग्लंडमधल्या एका शहरात होतो. एका तीन मजली घरात वरच्या टोकाला खोली होती. घरमालकीणबाई भली होती, आणि टेलिव्हिजन तिच्या बैठकीत. एका रात्री तिथे 'थ्रिलर'चा 'द नेक्स्ट व्हिक्टिम' पाहिला. कॅरल बेकर चाकाच्या खुर्चीत, नवरा बाहेरगावी, उकाड्याचे दिवस, रिकामी इमारत, आणि शहरात बायकांचे खून करणारा माणूस मोकळा. मालकीणबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. आम्हीही घाबरलो होतो, अगदी मनापासून. कॅरल बेकरसाठी.

भाग संपला. आम्ही जिना चढू लागलो. दुसऱ्या मजल्यावर एक वयस्क भाडेकरू बाई राहत. आमची पावलं त्यांच्या दाराजवळ आली आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला. हा आवाज काही नवा नव्हता. रोजच येत असे. आम्ही समजत होतो की म्हातारं माणूस, झोपायच्या आधी कडी लावत असेल. त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं की कडी झोपेच्या वेळेला लागत नाही, आमच्या पावलांना लागते. ज्या पावलांना घाबरत आम्ही तासभर बसलो होतो, ती त्यांच्या कथेत आमचीच होती.

त्या बाईंनी आम्हाला कधी वावगा शब्द बोलला नाही. नाताळात केकचा तुकडा दिला होता. त्या वाईट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. आम्ही मात्र दुसऱ्या दिवसापासून जिना चढताना खोकू लागलो, गुणगुणू लागलो. 'घाबरू नका, मीच आहे' हे सांगण्यासाठी. आपण निरुपद्रवी आहोत हे परक्याला आधी जाहीर करावं लागतं, मग वर जाता येतं. 'पॉयझन'मधल्या त्या डॉक्टरचं हळुवार बोलणं, हलकी पावलं, हे आम्ही पुढे वाचलं तेव्हा ओळखीचं वाटलं. ती केवळ वैद्यकीय सभ्यता नव्हती. ते खोकणं होतं.

'समवन अॅट द टॉप ऑफ द स्टेअर्स' आम्ही खूप उशिरा, डीव्हीडीवर पाहिला. जिन्याच्या टोकाशी कोण आहे, या प्रश्नाने डोना मिल्स घाबरते आणि आपणही घाबरतो. आम्ही पाहताना थोडे हसलो. जिन्याच्या टोकाशी आम्ही राहत होतो!

आणि हे फक्त इंग्लंडचं समजू नका. आम्ही पुण्याला परतलो, प्राध्यापक झालो, सदनिका घेतली. आमच्या इमारतीत दूरच्या राज्यातल्या विद्यार्थ्यांना खोली द्यायची नाही असं ठरलं, तेव्हा त्या बैठकीला आम्ही हजर होतो. कारण सांगितलं गेलं, 'बायाबापड्यांना भीती वाटते.' आम्ही काही बोललो नाही. कडीचा आवाज आम्हाला ओळखू यायला हवा होता. आला नाही, कारण या वेळी आम्ही दाराच्या आतल्या बाजूला होतो.

तेव्हा निष्कर्ष काय? 'थ्रिलर' टाकाऊ आहे असं आम्ही म्हणत नाही. क्लेमेन्सची कारागिरी आजही शिकण्यासारखी आहे. अमेरिकन नट घालण्याची अट त्याने ओझं म्हणून वाहिली नाही, तिच्यातून एकटेपणा, गैरसमज आणि अविश्वास या तीन वाटा काढल्या. जिथे वाट काढली तिथे भाग टिकला, जिथे फक्त पाटी लावली तिथे पडला. पण या मालिकेची मर्यादा नटांच्या उच्चारात शोधणारे चुकतात. ती मर्यादा 'आपल्यासारखा' या शब्दाच्या घेरात आहे. अभिनवगुप्ताचं हरीण देशकालातून सुटतं खरं, पण त्याच्याआधी कवीने त्या हरणाकडे पाहावं लागतं. कालिदासाने पाहिलं. पात्रनिवड म्हणजे हे पाहणं.

२०२३ मध्ये वेस अँडरसनने 'पॉयझन' पुन्हा केली. अंथरुणात बेनेडिक्ट कंबरबॅच, डॉक्टर बेन किंग्जली, आणि मित्राच्या, म्हणजे आपल्याला गोष्ट सांगणाऱ्याच्या भूमिकेत देव पटेल. लक्षात घ्या, निवेदक बदलला. शिव्या ऐकून संकोचणारा मूळ कथेतला मित्र इंग्रज आहे, इथे त्या जागी भारतीय वंशाचा नट उभा आहे. कथेतली घटना तीच राहिली, पण ती कोणाच्या डोळ्यांनी पाहायची हे बदललं, आणि शेवटच्या अपमानाचं वजन बदललं. एवढं एका पात्रनिवडीने होतं.

जमलं तर या आठवड्यात 'आय अॅम द गर्ल ही वॉन्ट्स टू किल'चा उत्तरार्ध पाहा, आणि लगेच 'पॉयझन' वाचा. पाहताना तुम्ही कोणासाठी घाबरलात ते कागदावर लिहून ठेवा. आणि कोणाला घाबरलात, तेही लिहा. पुढच्या वेळी त्या दोन याद्यांपासून सुरुवात करू.